वेस्ट पॉइंट: साडेतीन लाख सैनिक वाहून नेणारं जहाज

विनाशिकेचा किंवा क्रूझरचा युद्धकाळातला इतिहास वाचायला फारशी पूर्वतयारी लागत नाही. कोणत्या लढाईत होती, कोणाला बुडवलं, किती मार खाल्ला, हे सगळं नोंदीतच असतं. सैन्यवाहू जहाजाची नोंद हातात आली की मात्र वाचणारा गोंधळतो. पानंच्या पानं बंदरांची नावं, तारखा आणि आकडे. अमुक दिवशी इतके सैनिक चढले, तमुक दिवशी उतरले, तेलपाणी भरलं, निघालो. लढाई जवळजवळ नाहीच. मग असं जहाज युद्धात करत काय होतं, आणि त्या रुक्ष यादीतून वाचायचं काय?

अमेरिकी नौदलाच्या 'यूएसएस वेस्ट पॉइंट' या जहाजावरून हे समजून घेऊ. १९४१ च्या डिसेंबरात ते मुंबईत आलं होतं आणि तिथून ज्या कामगिरीवर गेलं, ती दुसऱ्या महायुद्धातल्या अत्यंत क्लेशकारक प्रकरणांपैकी एक आहे. शिवाय शत्रूचे मुत्सद्दी, मित्रदेशाच्या पलटणी, जीव वाचवून निघालेली कुटुंबं, घरी परतणारे सैनिक असे सगळ्या तऱ्हांचे प्रवासी या एकाच जहाजाने वाहिले. त्याची नोंद वाचता आली की इतर सैन्यवाहू जहाजांच्या नोंदीही उलगडू लागतात. युक्ती एवढीच, की प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारायचे: कोण चढलं, कुठे उतरलं, आणि उतरल्यावर त्यांचं काय झालं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जहाजाच्या नोंदीत कधीच नसतं. ते बाहेर शोधावं लागतं.

प्रवासी जहाजच का?

वेस्ट पॉइंट जन्माने लष्करी नव्हतं. त्याचं मूळ नाव 'एसएस अमेरिका'. विल्यम फ्रान्सिस गिब्ज या नामांकित जहाजरचनाकाराने आखलेलं, व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत बांधलेलं, ७२३ फूट लांबीचं आलिशान प्रवासी जहाज. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर यांच्या हस्ते ते पाण्यात सोडलं गेलं, तो दिवस होता ३१ ऑगस्ट १९३९. दुसऱ्याच दिवशी पहाटे जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. युरोप-अमेरिका फेऱ्यांसाठी बांधलेलं जहाज, आणि तो समुद्रच युद्धक्षेत्र झाला. अमेरिका तेव्हा तटस्थ होती. आपली व्यापारी जहाजं लढणाऱ्या देशांच्या बंदरात न्यायची नाहीत असा तिचा कायदा होता. त्यामुळे १९४० च्या ऑगस्टमध्ये सेवेत आल्यावर हे जहाज कॅरिबियन समुद्रात सहली काढत राहिलं. जर्मन पाणबुड्यांनी चुकून टॉर्पेडो मारू नये म्हणून दोन्ही कुशींवर अमेरिकी झेंडा आणि जहाजाचं नाव भल्यामोठ्या आकारात रंगवलेलं असे.

युद्धात सैन्य हलवायला नौदलं अशी प्रवासी जहाजं का शोधतात? मालवाहू जहाजाच्या पोटात जागा भरपूर असते, पण हजारो माणसं महिनाभर जगवायची सोय नसते. गोडं पाणी, मोठी स्वयंपाकघरं, संडास, दवाखाना, हवा खेळती ठेवणारी यंत्रणा, जीवरक्षक होड्या हे सगळं प्रवासी जहाजात आधीच असतं. आणि त्याहून मोलाचा असतो वेग. तेव्हाची बरीचशी मालवाहू जहाजं १० नॉटच्या आसपास रेंगाळत. 'अमेरिका' २२ नॉटहून अधिक, म्हणजे ताशी ४० किलोमीटरच्या वर सहज जाई. अशी जहाजं युद्ध सुरू झाल्यावर बांधायला घेतली तर ती तयार होईपर्यंत वर्षं निघून जातात. म्हणून अमेरिकी सरकारने आधीच, सागरी आयोगामार्फत, युद्धकाळात नौदलाला उपयोगी पडतील अशी प्रवासी जहाजं सरकारी मदतीने बांधून घ्यायला सुरुवात केली होती. त्या योजनेतलं पहिलं जहाज म्हणजे हेच.

२८ मे १९४१ ला जहाज व्हर्जिन बेटांतल्या सेंट टॉमस बंदरात होतं. तिथे परत फिरण्याचा हुकूम आला. १ जूनला नौदलाने ताबा घेतला आणि १५ जूनला नव्या नावाने ते नौदलात दाखल झालं. जहाजावर नोकरी करणारे दोघे जण जर्मनीसाठी हेरगिरी करत होते, हेही त्याच जून महिन्यात उघड झालं. त्यातला एक मुदपाकखान्यातला मुख्य खाटीक होता. न्यूयॉर्कमध्ये पकडल्या गेलेल्या ३३ जणांच्या हेरटोळीत हे दोघे होते, आणि दोघांनाही तुरुंगवास झाला. कोणतं जहाज कधी कुठे निघालं, एवढी माहितीसुद्धा किती मोलाची असते, हे यावरून ध्यानात येईल.

जहाजाचा कायापालट

मूळ जहाजात १,२०२ प्रवाशांची सोय होती. अंतर्गत सजावट स्त्री-रचनाकारांच्या एका संस्थेने केली होती. जुन्या जहाजांचा राजवाडी थाट टाळून हलकी, आधुनिक मांडणी. ते सगळं निघालं किंवा झाकलं गेलं. दालनांत, गॅलऱ्यांत, रिकाम्या झालेल्या जवळपास प्रत्येक जागी लोखंडी नळ्यांच्या चौकटी उभ्या राहिल्या, आणि त्यांवर एकावर एक कॅनव्हासच्या झोपायच्या पट्ट्या ताणल्या. वरच्याचं अंग खालच्याच्या नाकाला लागेल इतकं कमी अंतर. खिडक्या बंद केल्या, त्यांच्या बाहेर जीवरक्षक तराफे टांगले, विमानविरोधी तोफा बसवल्या, सगळं जहाज करड्या रंगात बुडवलं. हे काम एकदम झालं नाही, टप्प्याटप्प्याने होत गेलं. शेवटी क्षमता पोचली ८,१७५ सैनिकांवर, म्हणजे मूळच्या जवळपास सातपट.

जहाज तेच, इंजिनं तीच, पाण्याच्या टाक्याही त्याच. अंघोळीला खारं पाणी. रात्री पूर्ण अंधार, डेकवर सिगारेट पेटवायलाही बंदी, कारण ती ठिणगी दुरून दिसते. जेवण बहुधा दिवसातून दोनदाच, कारण तेवढ्यांना वाढेपर्यंतच दिवस संपे. लग्नघरात एक पंगत उठते न उठते तोच दुसरी बसते, तसं हे दिवसभर चालायचं, फक्त इथे बहुतेकांनी उभ्यानेच खायचं. सकाळच्या रांगेतला शेवटचा माणूस खाऊन निघेपर्यंत संध्याकाळच्या रांगेतला पहिला येऊन उभा राहिलेला असे. लाईफ जॅकेट चोवीस तास जवळ, आणि जहाज सोडून जाण्याची कवायत रोज. या कवायतीला कंटाळणारे सैनिक पुष्कळ होते. पण हजारो माणसं अंधारात अरुंद जिन्यांवरून वर यायची म्हटल्यावर प्रत्येकाला आपला जिना पायाने पाठ असणं गरजेचं होतं.

नौदलाच्या यादीत वेस्ट पॉइंटचा क्रमांक होता एपी-२३. 'एपी' हा वर्ग सैनिकांना एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेणाऱ्या जहाजांचा. 'एपीए' हा वर्ग वेगळा. त्या जहाजांवर किनाऱ्याला टेकणाऱ्या छोट्या होड्या असत, आणि ती थेट शत्रूच्या किनाऱ्यासमोर उभी राहून सैन्य उतरवत. त्यांना लढाईचे तारे, म्हणजे लढाईत भाग घेतल्याचा सन्मान, मिळत. एपी जहाजाला बंदर आणि धक्का लागतो, म्हणून त्याच्या नोंदीत लढाया शोधू नयेत. याशिवाय अमेरिकेच्या लष्कराची स्वतःचीही सैन्यवाहू जहाजं होती. ती नौदलाच्या हिशेबात येत नाहीत. या भेदाचं महत्त्व लेखाच्या शेवटी कळेल.

शत्रूचे मुत्सद्दी घेऊन लिस्बनला

नौदलात आल्यावर पहिली कामगिरी सैनिकांची नव्हतीच. १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने आपल्याकडचे जर्मन आणि इटालियन वाणिज्य दूतावास बंद केले. १६ जुलैला कप्तान फ्रँक केली यांच्या हुकमतीखाली वेस्ट पॉइंटने न्यूयॉर्कजवळ ३२७ जर्मन आणि १३७ इटालियन नागरिक घेतले, आणि आठवडाभरात त्यांना तटस्थ पोर्तुगालच्या लिस्बन बंदरात सोडलं. परतताना ३२१ अमेरिकी आणि ६७ चिनी प्रवासी आणले. हेही वाणिज्य दूतावासांतले कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं. युद्ध अजून जाहीर व्हायचं होतं, पण दोन्ही बाजू आपापली माणसं घरी बोलावून घेत होत्या. नोंदीतली ही फेरी तिरपी नजर टाकून पुढे जाण्यासारखी वाटते. मला मात्र ती पाच महिन्यांनी येणाऱ्या युद्धाची पहिली ठळक खूण वाटते.

हॅलिफॅक्सहून मुंबईला

आता येतो तो प्रवास, ज्यासाठी हे जहाज लक्षात ठेवावं.

१९४१ च्या शरद ऋतूत ब्रिटन सगळीकडून ताणलं गेलं होतं. मध्यपूर्वेत सैन्य पाठवायचं होतं, पण तेवढी जहाजं नव्हती. चर्चिल यांनी रूझवेल्ट यांच्याकडे जहाजं मागितली आणि रूझवेल्ट यांनी ती दिली. कायद्याचा अडसर व्यापारी जहाजांना होता. नौदलाच्या मालकीचं, नौदलाच्या झेंड्याखाली चालणारं जहाज त्यात येत नव्हतं. नोव्हेंबर १९४१ च्या सुरुवातीला ब्रिटिश १८ व्या डिव्हिजनचे सैनिक ब्रिटिश जहाजांतून अटलांटिक ओलांडून कॅनडातल्या हॅलिफॅक्सला आले आणि तिथे अमेरिकी जहाजांवर चढले. एकूण सहा जहाजं: वेस्ट पॉइंट, वेकफील्ड, माउंट व्हर्नन, लिओनार्ड वुड, जोसेफ डिकमन आणि ओरिझाबा. एकंदर सुमारे वीस हजार सैनिक, त्यातले पाच हजारांहून अधिक एकट्या वेस्ट पॉइंटवर. (वेकफील्ड हेही मूळचं प्रवासी जहाज, 'मॅनहॅटन' नावाचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला जेसी ओवेन्ससह अमेरिकी चमू त्याच जहाजाने गेला होता.)

१० नोव्हेंबरला ताफा निघाला. त्याचं सांकेतिक नाव डब्ल्यूएस-१२एक्स. सुरुवातीच्या टप्प्यात सोबतीला 'रेंजर' ही विमानवाहू नौका, 'क्विन्सी' आणि 'व्हिन्सेन्स' या क्रूझर आणि विनाशिका होत्या. जो देश युद्धात नाही, त्याच्या युद्धनौका युद्धातल्या देशाचं सैन्य राखणीने नेत होत्या. तटस्थता नावापुरती उरली होती, आणि रूझवेल्ट यांनी जाणूनबुजून ती तशी केली होती.

हे सैनिक मुख्यतः पूर्व इंग्लंडचे होते. नॉरफक, सफक, केंब्रिजशायर. शेतकरी, कारकून, गिरणीतले कामगार, अशी स्थानिक पलटणींतली मंडळी. वाळवंटातल्या युद्धाची तयारी करून निघालेली. ब्रिटनमध्ये दोन वर्षांच्या रेशनिंगनंतर अमेरिकी नौदलाचं अन्न त्यांना मेजवानीसारखं वाटलं. पण अमेरिकी नौदलाच्या जहाजांवर १९१४ पासून दारूबंदी होती, हे ब्रिटिश सैनिकांना जड गेलं असणार.

त्रिनिदादला थांबून ताफा दक्षिणेकडे वळला. केपटाउन दोन दिवसांवर असताना, ७ डिसेंबरला, जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. चार आठवड्यांपूर्वी तटस्थ म्हणून निघालेली जहाजं आता युद्धरत देशाची होती. ९ डिसेंबरला ती केपटाउनला पोचली, तोवर जपानी सैन्य मलायात (आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पात) उतरलं होतं, आणि डिव्हिजनच्या आधीच्या योजनेला काही अर्थ उरला नव्हता. मध्यपूर्व रद्द झाली, ताफा पूर्वेकडे वळवला गेला. एक ब्रिगेड, ५३ वी, माउंट व्हर्नन जहाजातून मोंबासामार्गे सिंगापूरच्या दिशेने गेली आणि १३ जानेवारीला तिथे उतरली. इंग्लंड सोडल्यापासून सुमारे अकरा आठवडे बहुतांश वेळ समुद्रावर, आणि उतरल्यावर काही दिवसांतच थेट मलायातल्या जोहोरच्या जंगलात लढाईला. उरलेल्यांना घेऊन वेस्ट पॉइंट आणि इतर जहाजं २७ डिसेंबरला मुंबईत आली.

महाराष्ट्राशी या गोष्टीचा खरा धागा इथे जुळतो. डिव्हिजनच्या काही पलटणी मुंबईहून रेल्वेने अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) गेल्या. नगरची छावणी ब्रिटिश काळापासूनची. त्यानंतर सातआठ महिन्यांनी, 'चले जाव'च्या ठरावानंतर, नेहरू, पटेल, आझाद यांना ज्या किल्ल्यात डांबलं तोही त्याच गावातला. नगरच्या माळावर या इंग्लिश पोरांना जेमतेम तीन आठवडे मिळाले. महिनोन् महिने जहाजात कोंडलेली शरीरं मोकळी करायची, पायांत पुन्हा कूच करण्याचं बळ आणायचं, एवढंच त्यात होण्यासारखं होतं. मलायाच्या जंगलातल्या लढाईचं शिक्षण नगरच्या कोरड्या माळरानावर मिळणं शक्यच नव्हतं.

सिंगापूर, २९ जानेवारी १९४२

जानेवारीच्या उत्तरार्धात ते पुन्हा मुंबईच्या धक्क्यावर आले आणि पुन्हा त्याच अमेरिकी जहाजांवर चढले. ताफ्याचं नाव बीएम-११, म्हणजे मुंबई ते मलाया. वेस्ट पॉइंट, वेकफील्ड आणि त्यांच्यासोबत 'डचेस ऑफ बेडफर्ड', 'एम्प्रेस ऑफ जपान', 'एम्पायर स्टार'.

ही जहाजं समुद्रावर असताना लंडनमध्ये वाद चालू होता. मलाया हातातून जात होता. २१ जानेवारीला चर्चिल यांनी स्वतः प्रश्न काढला, की आता सिंगापूरला आणखी सैन्य टाकण्यापेक्षा ते ब्रह्मदेशाच्या बचावाला न्यावं का? ऑस्ट्रेलियाला याचा सुगावा लागला. सिंगापूर सोडून देणं हा अक्षम्य विश्वासघात मानला जाईल, अशी तार पंतप्रधान कर्टिन यांच्याकडून आली. मार्ग बदलला नाही.

हा निर्णय कुणी घेतला आणि दोष कुणाचा, यावर इतिहासकार आजही भांडतात. माझं मत असं, की त्या आठवड्यात हा निर्णय जहाजांच्या वेगाने घेतला. एकदा हजारो माणसं समुद्रावर असली की दर दिवशी पर्याय कमी होत जातात. ती कुठे उतरतील हे ठरवायला राजकारण्यांकडे फार तर चारपाच दिवस असतात, आणि तोवर कोणी ठाम बोललं नाही तर आधी आखलेला मार्गच निर्णय होऊन बसतो.

२९ जानेवारीला वेस्ट पॉइंट सिंगापूरच्या केपेल बंदरात लागलं. सैनिक उतरले. दोनच दिवसांनी, ३१ जानेवारीला, मलायातून माघार घेतलेली शेवटची फौज बेटावर आली आणि बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा बांध सुरुंगाने उडवला गेला. ८ फेब्रुवारीच्या रात्री जपानी सैन्य सामुद्रधुनी ओलांडून बेटावर उतरलं. १५ फेब्रुवारीला सिंगापूर शरण गेलं. वेस्ट पॉइंटने उतरवलेल्या सैनिकांना कैद होण्याआधी या भूमीवर सतरा दिवस मिळाले. त्यानंतर साडेतीन वर्षांचा तुरुंगवास. त्यातले कित्येक सयाम (आजचं थायलंड)-ब्रह्मदेश रेल्वेवर राबले. त्या रेल्वेवर १२,००० हून अधिक दोस्त युद्धकैदी मेले, आणि आशियाई मजूर त्याहून कितीतरी जास्त. डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल मर्टन बेकविथ-स्मिथ त्याच वर्षी नोव्हेंबरात फॉर्मोसातल्या (आजच्या तैवानमधल्या) छावणीत घटसर्पाने गेले.

त्याच शरणागतीत हजारो भारतीय सैनिकही कैद झाले, आणि १७ फेब्रुवारीला फरेर पार्कच्या मैदानात त्यांना जपानी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केलं गेलं. आझाद हिंद सेनेची सुरुवात तिथूनच झाली. सिंगापूरमधल्या क्रांजीच्या स्मारकावर, ज्यांची कबर सापडली नाही अशा २४,००० हून अधिक सैनिकांची नावं कोरलेली आहेत. त्यांत भारतीय नावांचे स्तंभच्या स्तंभ आहेत.

परत फिरताना जहाज रिकामं नव्हतं

३० जानेवारीला सिंगापूरच्या बंदरावर बॉम्ब पडत होते. वेकफील्डवर एक बॉम्ब थेट दवाखान्याच्या भागात फुटला. पाच जण ठार, नऊ जखमी. वेस्ट पॉइंट बचावलं. त्याच दिवशी दोन्ही जहाजांनी माणसं घेतली. वेकफील्डवर सुमारे चारशे स्त्रिया आणि मुलं, वेस्ट पॉइंटवर साडेबाराशेहून अधिक जण: नौदलाचे अधिकारी, त्यांची कुटुंबं, गोदीतले कर्मचारी, काही वायुदलाचे सैनिक. तिथून बटाव्हिया, म्हणजे आजचं जकार्ता, आणि मग कोलंबो.

याच दोन ओळींमुळे हे जहाज मला बाकीच्यांहून वेगळं वाटतं. चोवीस तासांच्या आत, त्याच जिन्यांवरून, पाच हजार सैनिक कैदेच्या तोंडी उतरले आणि बायकामुलं सुटकेसाठी चढली. नोंदीत दोन्हींना सारखीच जागा आहे.

या मार्गावर सगळी जहाजं इतकी सुदैवी नव्हती. पुढच्याच ताफ्यातलं 'एम्प्रेस ऑफ एशिया' हे जुनं, कोळशावर चालणारं, मागे रेंगाळणारं जहाज ५ फेब्रुवारीला सिंगापूरच्या दाराशी जपानी विमानांनी पेटवलं. बहुतेक माणसं वाचली. त्यांची शस्त्रं आणि सामान मात्र तिथेच गेलं.

वेस्ट पॉइंट पुढे सुएझला गेलं आणि मध्यपूर्वेत लढलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांना घेऊन ऑस्ट्रेलियाला निघालं. या सैन्यालाही ब्रह्मदेशाकडे वळवावं म्हणून चर्चिल यांनी आग्रह धरला होता. यावेळी कर्टिन हटले नाहीत, आपली माणसं त्यांनी घरी बोलावली. सिंगापूरच्या वेळी जहाजं पोचेपर्यंत वाद मिटला नव्हता. यावेळी उत्तर वेळेत आलं.

एकट्याने जाणं सुरक्षित कसं?

१९४२ नंतर वेस्ट पॉइंटच्या कित्येक फेऱ्यांमध्ये सोबतीला ताफा नाही. हजारो सैनिकांनी भरलेलं जहाज, आणि बाजूला एकही युद्धनौका नाही. हे बेदरकारपणाचं वाटतं, पण हिशेब सरळ आहे. ताफा त्यातल्या सर्वांत हळू जहाजाच्या वेगाने चालतो. जर्मनीची नेहमीची पाणबुडी पृष्ठभागावर १७ नॉटच्या आसपास जाई आणि पाण्याखाली, तीही थोडाच वेळ, सातआठ नॉट. म्हणजे २२ नॉटने जाणाऱ्या जहाजाचा पाठलाग करून ते गाठणं तिला शक्यच नव्हतं. ते नेमकं तिच्या पुढ्यात आलं तरच तिला संधी.

ती संधीही हिरावून घ्यायला जहाजं नागमोडी चालत. टॉर्पेडो सोडताना लक्ष्य आत्ता कुठे आहे यापेक्षा, टॉर्पेडो तिथे पोचेल तेव्हा ते कुठे असेल हे ठरवावं लागतं. त्यासाठी त्याची दिशा आणि वेग काही मिनिटं स्थिर हवा. जहाज दर काही मिनिटांनी, ठरलेल्या आराखड्यानुसार दिशा बदलत राहिलं, तर पाणबुडीचा हिशेब चुकतो. यात अंतर आणि इंधन वाढतं. धोकाही असतो. २ ऑक्टोबर १९४२ ला आयर्लंडच्या उत्तरेला 'क्वीन मेरी' हे महाकाय ब्रिटिश जहाज अमेरिकी सैनिक घेऊन असंच नागमोडी चाललं होतं. राखणीला आलेली 'कुरासोआ' ही क्रूझर त्याच्या वाटेत आली आणि क्वीन मेरीने तिला मधोमध कापलं. सव्वातीनशेहून अधिक खलाशी गेले. पाणबुडीच्या भीतीने कुठल्याही कारणासाठी थांबायचं नाही असा हुकूम होता, म्हणून क्वीन मेरी थांबलं नाही. वाचवायचं काम मागून येणाऱ्या विनाशिकांनी केलं.

वेस्ट पॉइंटवर असं काही ओढवलं नाही. म्हणूनच त्याच्या १९४३ आणि १९४४ च्या नोंदी नीरस आहेत. सैन्यवाहू जहाजाच्या बाबतीत नीरस नोंद ही सर्वांत चांगली बातमी असते. या काळातल्या एका फेरीत खलाशी धरून नऊ हजारांहून अधिक माणसं जहाजावर होती. युद्ध संपेपर्यंतची बेरीज साडेतीन लाखांच्या वर गेली.

मग उलटी वाहतूक सुरू झाली. ११ जुलै १९४५ ला युरोपातून परतणाऱ्या सैनिकांना घेऊन वेस्ट पॉइंट न्यूयॉर्कच्या बंदरात शिरलं, त्याचं छायाचित्र प्रसिद्ध आहे: डेकचा इंचन् इंच माणसांनी भरलेला. आधी कोण घरी जाणार हे गुणांवर ठरे. सेवेचे महिने, परदेशातले महिने, पदकं, घरी असलेली मुलं, यांचे गुण मिळत, आणि सुरुवातीला ८५ गुण लागत. जहाजं कमी आणि माणसं लाखोंनी, म्हणून काहीतरी न्याय्य पद्धत हवी होती. सैनिक तरी बोटीच्या नावाने खडे फोडत राहिले, आणि त्यांचा उतावळेपणा समजण्यासारखा होता.

युद्धानंतर

२८ फेब्रुवारी १९४६ ला नौदलाने जहाज सेवेतून मोकळं केलं. ते पुन्हा 'अमेरिका' झालं आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात ज्या अटलांटिक मार्गासाठी बांधलं होतं, त्यावर अखेर धावू लागलं. १९६४ मध्ये ग्रीसच्या कांड्रिस कंपनीने ते विकत घेतलं, आणि 'ऑस्ट्रॅलिस' या नावाने पुढची बरीच वर्षं युरोपातून ऑस्ट्रेलियाला स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं नेली. शेवटी मालक आणि नावं बदलत, १९९४ च्या जानेवारीत, तरंगतं हॉटेल करण्यासाठी थायलंडला ओढत नेत असताना वादळात दोर तुटले आणि ते कॅनरी बेटांतल्या फुएर्तेव्हेंतुराच्या किनाऱ्यावर आदळलं. दोन दिवसांत त्याचे दोन तुकडे झाले.

ज्यांना अशा जहाजाने गेलेल्या एखाद्या माणसाचा माग काढायचा आहे, त्यांच्यासाठी एक व्यावहारिक गोष्ट. नौदलाच्या आणि लष्कराच्या जहाजांतला फरक इथे कामाला येतो. अमेरिकी लष्कराच्या मालकीच्या सैन्यवाहू जहाजांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या प्रवासीयाद्या आणि रोजनिश्या लष्करानेच १९५१ मध्ये नष्ट केल्या. नौदलाच्या जहाजांच्या रोजनिश्या मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेल्या आहेत. तेव्हा आधी जहाज एपी वर्गातलं नौदलाचं होतं की लष्कराचं, हे तपासावं. नौदलाचं असेल तर रोजनिशीतून तारखा आणि बंदरं मिळतात. त्यावर कोण होतं हे मात्र पलटणीच्या कागदपत्रांतून शोधावं लागतं. वेस्ट पॉइंटच्या मुंबई-सिंगापूर फेरीसाठी याचा अर्थ असा, की जहाजाची बाजू अमेरिकेत सापडेल, आणि माणसांची बाजू नॉरफक, सफक, केंब्रिजशायरच्या पलटणींच्या युद्धदैनंदिन्यांमध्ये आणि जपानी छावण्यांच्या कैदी-नोंदींमध्ये.